आकृती आधी हलते

आमच्या प्रदर्शनात भिंतीवरच्या पडद्यासमोर माणूस हलला, की पडद्यावरची प्रकाशाची आकृती त्याच्यासारखीच हलते. बघणाऱ्यांचे हातवारे आणि चेहऱ्यावरचे भाव कॅमेऱ्यानं वेळेसकट टिपायचे, एवढंच माझं काम.

आठवडाभर नोंदी उलट्या येत होत्या. आकृती आधी हात उचलायची, माणूस नंतर. फरक डोळ्याला कळण्याइतका नव्हता, पण रोज वाढत होता. तंत्रज्ञ म्हणाला, "कॅमेऱ्याचं घड्याळ पुढे जातंय." मग आम्ही रोज संध्याकाळी वेळा दुरुस्त करून टाकायचो.

आज दुपारी माझी ताई आली. पडद्यासमोर हसत उभी राहिली. "काय गं, कशी दिसतेय मी?"

आकृती हसत नव्हती. आकृतीनं एक बोट वर केलं, मग हात कानाशी नेला. थोडा वेळ तशीच राहिली. मग गुडघ्यांवर कोसळली आणि तोंड झाकून गदगदू लागली.

"बिघडलंय वाटतं तुमचं यंत्र," ताई म्हणाली.

ताईच्या लेकीला घेऊन भाऊजी सकाळीच गाडीनं निघाले होते.

ताईच्या पर्समधला फोन वाजला.

"ताई, उचलू नकोस!" मी ओरडले.

तिनं एक बोट वर करून मला थांबवलं आणि फोन कानाला लावला.