पळता पळता पाणी

येसाजी शेताकडे वळला, तशी आनंदीबाईनं तांदळाच्या कणगीमागून बूट काढले. पायात चढवले, पदर खोचला आणि उलट्या दिशेनं, रिसॉर्टच्या डांबरी रस्त्यानं पळत सुटली.

दिवाळीपासून हे असंच चाललं होतं. दर थंडीत येसाजीचे गुडघे धरायचे. डॉक्टरनं चालायला सांगितलंय म्हणून तो उजाडायच्या आत बाहेर पडायचा आणि घामाघूम होऊन परतायचा. तोवर बाई चुलीपुढे बसलेली असायची, जशी काही जागची हललीच नाही. तो पायांना बाम चोळायचा. त्याची पाठ फिरली की तीही चोळायची. बाटली अंदाजाच्या आधीच संपायची. ह्यांच्या लक्षात आलं म्हणजे?

आख्ख्या कळंबमध्ये ही गोष्ट एका ललितालाच ठाऊक होती. ललिता बचत गटाची अध्यक्ष. अलिबागकडच्या समुद्रकिनाऱ्यावर मॅरेथॉन भरायची, त्यातल्या पाच किलोमीटरला यंदा गटाच्या बायका उतरणार होत्या. तिनंच मोबाईलवर गेल्या वर्षीचा फोटो दाखवला होता. त्यात केशरी टी-शर्ट घातलेली एक बाई पळणाऱ्यांना पाण्याचे ग्लास देत होती. अंगानं भरली होती, पण हसताना तोंडावर हात धरायची सवय तीच.

सोनाली. बाईची एकुलती एक लेक.

चार वर्षांपूर्वी ती पळून गेली, समुद्राकडच्या एका कोळ्याच्या पोराबरोबर. त्या दिवशी ओटीवर भावकी जमली होती आणि येसाजी भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याच्या तोंडून आता काय निघेल, याची बाईला इतकी धास्ती वाटली की त्याच्या आधी तीच बोलून गेली, "आजपासून ह्या घरात तिचं नाव नाय काढायचं."

"बरं," येसाजी म्हणाला. एवढंच.

ते नाव मग खरंच निघालं नाही. पण भाकरी थापताना, वाल सोलताना बाईला लेक आठवायची. नवऱ्यासमोर रडायचीही चोरी होती. लेकीला एकदा डोळे भरून बघावं, तिच्या हाताला हात लागावा, यापलीकडे तिचं देवाकडे काही मागणं उरलं नव्हतं.

"मंग सरळ घरी जा की तिच्या," ललिता म्हणाली होती.

"नाय गं. उंबरा ओलांडला की शब्द मोडला. यांना कळलं तर जन्मात तोंड नाय बघायचे माजं. पळता पळता पाणी प्यायलं, तर ती काय भेट झाली?"

ललिताला हसू आवरेना. "आदी लेक पळाली, आता आई पळती!"

बाईला राग आला नाही. खरंच होतं ते.

मॅरेथॉनच्या आदल्या दिवशी बाई काय थाप मारावी या विचारात होती, तेवढ्यात येसाजीच म्हणाला, "शिळफाट्याला भाच्याकडं जातो. उद्या सांजच्याला येईन."

देवच पावला. भाच्याला पोपटीसाठी, म्हणजे मडक्यात भाजून खायला, वालाच्या शेंगा लागत. दर जानेवारीत येसाजी न्यायचा. बाईनं आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याची शिवलेली पिशवी शेंगांनी गच्च भरून त्याच्या हातात दिली.

किनाऱ्यावर ढोल वाजत होते. नऊवारीवर टी-शर्ट चढवून, छातीवर नंबर लावून बाई निघाली. सुरुवातीला वारा असा काही अंगात भरला की हसूच फुटलं. मग रस्ता संपून ओहोटीची वाळू लागली. उभा जन्म भातलावणीच्या चिखलात गेलेला, पण ही वाळू पाय सोडीना. छाती धडधडायला लागली. ओठांवर खारट चव आली, घामाची की समुद्राची ते कळेना. गटाच्या बायका कधीच पुढे निघून गेल्या.

पाण्याचं पहिलं टेबल आलं. तिथे दोन पोरगे होते. दुसऱ्या टेबलाशी एक चष्मेवाली मुलगी. बाईचा वेग मंदावला. यंदा आलीच नसली तर?

"चला आजी, संपत आलं!" मागून येणारा एक तरुण ओरडला.

"मला कुठं संपवायचंय रं? मला पाणी प्यायचंय."

"अहो, मग त्या सुरूच्या बनापाशी मिळेल की!"

सुरूच्या बनापाशी केशरी टी-शर्ट दिसला. बाईच्या पायांत कुठून बळ आलं कोण जाणे. सोनालीनं मान वर न करताच ग्लास पुढे केला. बाईनं ग्लास घेतला नाही, हातच धरला.

"आई?"

तीन महिने पळताना बाईनं किती काय काय ठरवलं होतं बोलायचं. त्यातलं एक अक्षर आठवेना.

"जेवतीस ना गं वेळेवर?"

सोनाली रडत रडत मान हलवत राहिली. बाईनं तिच्या गालावरून हात फिरवला, केस कानामागे सारले, पुन्हा गालावरून हात फिरवला. मागून पळणारे पाणी मागायला लागले, तेव्हा कुठे तिनं हात सोडला.

"येते मी. पुढल्या वर्षी परत पळीन. पण बाबांना कळू देऊ नको हां. त्यांना नाय सोसायचं."

सोनालीनं डोळे पुसले. टेबलाखाली वाकून तिनं एक पिशवी वर काढली. जुन्या हिरव्या लुगड्याची, शेंगांनी गच्च भरलेली.

"दहा किलोमीटरवाले मगाशीच पुढं गेले," ती म्हणाली. "बाबा दर वर्षी पळतात. आणि दर वर्षी हेच सांगून जातात. आईला कळू देऊ नको, तिला नाय सोसायचं."