मागचा आवाज

चेंडू गेला आणि मुली जागच्या जागी थबकल्या.

सरांनी शिट्टी फुंकली. "पुन्हा."

पुन्हा चेंडू मध्ये आला. फुटबॉलचा सराव साधाच होता. पिवळ्या बंड्यांतल्या मुलींनी चेंडू आपसांत खेळवायचा, आणि तो हिरव्यांनी हिसकावला की त्याच क्षणी सगळ्यांनी मिळून हिसकावणारीवर तुटून पडायचं. कपाळाला हात लावायचा नाही, एकमेकींची तोंडं बघायची नाहीत. सर कितीतरी वर्षं हेच शिकवत आले होते. यांच्याकडून चेंडू घ्यायला बाकीचे संघ बिचकत, ते यामुळेच.

आज चेंडू जात होता आणि त्या नुसत्या बघत होत्या.

"चेंडू गेल्यावर पहिलं पाऊल कुठे?" सरांनी विचारलं.

"चेंडूकडे, सर."

"मग पाय काय घरी ठेवून आलात?"

एरवी यावर कुणीतरी फिस्सकन हसली असती. आज बुटाच्या नाडीला हात घालून सगळ्या खाली बघत राहिल्या. सर रोजच्यासारखेच सगळ्यांच्या आधी आले होते. दाढी केलेली, खुणेचे शंकू एका ओळीत मांडलेले. शर्टाची कॉलर तेवढी एका बाजूने आत दुमडली होती. ती नीट करायला कुणी पुढे झालं नाही. ते काम त्यांच्यापैकी कुणाचं नव्हतंच.

कर्णधार पुढे आली. ती इस्पितळात नर्स होती, रात्रपाळी उतरून थेट मैदानावर आली होती.

"सर, मागून आवाज येत नाही."

सरांनी गोलाकडे पाहिलं. तिथे बेकरीच्या काउंटरवर काम करणारी उंच, किडकिडीत मुलगी उभी होती. तिला सगळ्या बांबू म्हणत. इतकी हळू बोलायची की गिऱ्हाइकांना दोनदा विचारावं लागे. ती गोलाच्या मधोमध उभी राहत नव्हती, खांबाला चिकटून होती. मधली, गोलरक्षकाची जागा मावशीची होती.

मावशी म्हणजे सरांची बायको. मुलींनीच तिला मावशी केलं होतं. तिच्याहून वयाने मोठी असलेली एकजणसुद्धा तिला मावशीच म्हणायची. चेंडू गेला रे गेला, की मागून तिचा आवाज कडाडायचा : "चेंडू गेलाय, नवरा नाही गेला! रडताय काय, पळा!" मुली सरांकडे बघून खिदळायच्या आणि खिदळतच पळायच्या. परवा सकाळी चहा गाळता गाळता ती खाली बसली, ती उठलीच नाही.

सर गोलाकडे बघत राहिले. मुली आपल्या शिकवण्याने धावतात, असं ते आजवर समजत होते.

"रविवारच्या सामन्याला येत नाही म्हणून कळवून टाकू का?" कर्णधाराने हळूच विचारलं. "कुणी काही म्हणणार नाही, सर."

"ती म्हणेल," सर म्हणाले.

ते चालत गोलापाशी गेले. बांबू खांबाला आणखीच चिकटली.

"मध्ये उभी राहा."

ती अर्धं पाऊल सरकली.

"आणि ओरडायचं. चेंडू गेला की ओरडायचं."

"काय ओरडू?"

"ती ओरडायची तेच."

बांबूने मान खाली घातली. "ते मी कसं म्हणू, सर? तुमच्यासमोर?"

सरांनी तोंड फिरवलं. खांबाला हात टेकला. मग म्हणाले, "तुझं तुला सुचेल ते ओरड. पण ओरड, बाळ. त्या पुढे बघत असतात. मागून सगळं फक्त तुलाच दिसतं."

खेळ पुन्हा सुरू झाला. पिवळ्यांनी चेंडू फिरवला. हिरव्यांतल्या एकीने पाय घातला, चेंडू सुटला. बांबूने तोंड उघडलं, नुसती हवा बाहेर आली. हिरवी मुलगी चेंडू घेऊन बिनधास्त गोलाशी आली. मारायला पाय उचलला, बांबूकडे पाहिलं आणि न मारताच चेंडू घेऊन परत फिरली.

"पुन्हा," सर म्हणाले.

पुन्हा चेंडू फिरला. पुन्हा गेला.

"गेली!"

सगळ्या दचकल्या. बांबू गोलाच्या मधोमध उभी होती. दोन्ही मुठी आवळलेल्या, मानेच्या शिरा ताठ.

"मावशी गेली! गेली गं मावशी! पळा!"

सकाळपासून हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. 'असं झालं' म्हणत होत्या, 'परवाचं' म्हणत होत्या. तो शब्द आता मैदानभर झाला.

आधी कर्णधार धावली. मग एकदम सगळ्या. चेंडू पायात असलेली हिरवी मुलगी तो सोडून बाजूलाच झाली, आणि मग तीही त्यांच्या मागे पळत सुटली. पिवळ्या, हिरव्या, सगळ्या. तोंडं वेडीवाकडी झाली होती. कुणी डोळे पुसत नव्हती, कुणी थांबत नव्हती. मागून बांबू ओरडतच होती, शब्द कळेनासे झाले होते तरी.

चेंडू केव्हाच परत मिळाला होता. गवतात एकटा पडून होता. मुली त्याच्यावरून पुढे गेल्या, शंकू तुडवत, रेघ ओलांडून, कुंपणाच्या दिशेने. सरांनी शिट्टी वाजवली नाही.