आबांच्या नावाची बरणी

काचेच्या बशीत उमटलेल्या करड्या ठिपक्यांकडे ती बराच वेळ पाहत राहिली. मध कोमट पाण्यात विरघळवून, यंत्रात फिरवून, तळाशी बसलेला गाळ तिने स्वहस्ते या बशीत, रोगजंतू वाढतात का ते पाहायला, ठेवला होता. ठिपक्यांचा अर्थ एकच होता. ज्या पेट्यांतला हा मध, त्या पेट्यांतल्या अळ्या सडू लागल्या होत्या. अशा पेट्या माश्यांसकट जाळाव्या लागत. नाहीतर रोग शेजारपाजारच्या पेट्यांतही पसरे. दुसरा उपाय नव्हता.

आणि बरणीवर नाव तिच्या वडिलांचे होते.

आई गेल्यापासून आबांना त्या पेट्यांचाच काय तो विरंगुळा उरला होता. ते सकाळी माश्यांशी बोलत आणि संध्याकाळी माश्यांविषयी. शेजारचे काकाही मधपाळच; पण आपला मध तपासायला देणे त्यांना अपमानाचे वाटे. काकांची मान फक्त नकार देण्यासाठीच घडवली आहे, असे आबा म्हणत.

आबा स्वतः तिच्या प्रयोगशाळेत येऊन बरणी देऊन गेले होते. त्यांच्या कपड्यांना धुराचा वास येत होता. तो नेहमीचाच; धूर दिल्याशिवाय पेटी उघडता येत नाही. जाताना एवढेच म्हणाले,

"चिमणे, बरणीवर नाव कुणाचं आहे ते बघू नकोस. दिसेल तेच लिही."

आजवर कित्येकांना वाईट निकाल कळवताना तिचा हात कधी अडखळला नव्हता. आज अडखळला. तिच्या घरच्या फडताळात आबांनीच गेल्या हंगामात दिलेला मध होता. तो या मधापेक्षा बराच गडद होता. यंदा फुलोरा निराळा असेल, असे तिने मनाशी म्हटले आणि बरणीतल्या मधाऐवजी तो घरचा मध आणून तपासला. बशी स्वच्छ राहिली. 'मध निर्दोष' असा निकाल रवाना झाला. पेट्यांचे काय करायचे ते आबांना सावकाश समजावू, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

सुट्टीच्या दिवशी ती माहेरी गेली. परसात पेट्यांच्या जागी जमिनीवर काळे चौकोन तेवढे उरले होते.

"आबा, पेट्या कुठायत?"

"जाळल्या. तुझ्याकडे बरणी घेऊन आलो, त्याच्या आदल्या दिवशी. झाकण उघडलं आणि वासावरूनच कळलं. तपासायचं काय त्यात?"

"मग बरणीतला मध?"

"काकांचा. रोग त्यांच्याकडूनच आला, असं माझ्या डोक्यात बसलेलं. किती मिनतवाऱ्या केल्या तेव्हा तयार झाले. म्हणाले, नाव तुझं घाल, पण तुझी लेक सांगेल ते मी मुकाट मानीन."

आबा ओशाळल्यासारखे हसले.

"माझाच संशय खोटा ठरला बघ. आणि माणूस कसा मनाचा मोठा! तुझा निकाल वाचून दाखवला, तर रागवायचं सोडून त्यांनी आपल्या पेट्यांतल्याच माश्या काढून नव्या पेट्या भरल्या आणि कालच गावातल्या प्रत्येक मधपाळाला एकेक वाटून आले."