कोणाला वगळू?

विश्वचषकाच्या अंतिम सामन्याआधी खेळाडूंच्या खोलीत विल्बर्टमामा सृष्टीचे आभार मानायला उभे राहिले. आमचा हॉडेनोसौनींचा, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा संघ त्याशिवाय लॅक्रॉसची, चेंडू झेलायची जाळीदार काठी उचलत नाही, ठेवतही नाही. धरती, पाणी, मासे झाले, मामा काठी देणाऱ्या झाडापर्यंत पोचले तोच पंच दारातून घड्याळ दाखवत ओरडला, “थोडक्यात आटपा, आजोबा!” “बरं. कोणाला वगळू? सूर्याला की ताऱ्यांना?” मामांनी विचारलं. आणि ताऱ्यांपर्यंत सगळ्यांचे आभार मानूनच ते थांबले. पंचाला मात्र नियम तो नियम. उशिराबद्दल त्यानं आमचा एक गडी बाहेर बसवला, तेवढ्यात आमच्यावर गोल चढला आणि त्याच एका गोलानं हरलो. “तारे गाळले असते तर कप आपला होता,” खोलीत मी फणफणलो. “आणि ताऱ्यांना तोंड कसं दाखवलं असतंस?” म्हणत मामा पुन्हा धरतीपासून आभार मानू लागले. पंच आत आला, बाकावर टेकला. मनगटावरचं घड्याळ काढून त्यानं खिशात ठेवलं.