बारावा घाव

टेबलावर एक रेकॉर्ड प्लेअर, दोन पेले आणि चार मुठी होत्या. दोन मुठी लेथवर काम करणाऱ्या टर्नरच्या, दोन त्याच्या शाळेपासूनच्या दोस्ताच्या, ज्याला सगळे दाढी म्हणत. त्यांच्या लाडक्या हेवी मेटल अल्बमच्या तिसऱ्या गाण्यात सगळी वाद्यं थांबतात आणि ड्रमवर नुसते अकरा घाव पडतात. वीस वर्षं दोघं ते टेबलावर मुठी आपटून मोजत आले होते.

आज बारा पडले.

बाराव्याला दाढीचं डोकं मागे फेकलं गेलं. भुवई फाटून रक्त आलं.

"मारलंस काय रे, गाढवा?"

"माझे हात टेबलावरच होते."

"मग परत लाव. बघतोच कोण मारतंय."

"राहू दे, दाढी. दवाखान्यात चल."

दाढीने स्वतःच सुई मागे नेली. आता तेरा पडले. त्याचे दोन दात टेबलावर घरंगळले, तरी तो खूश होता. "काय वाजवतोय लेकाचा! अजून एकदा."

टर्नरने प्लग उपटला. तबकडी थांबली, सगळं शांत झालं.

त्या शांततेत दाढी खुर्चीसकट मागे कोसळला आणि पुन्हा हलला नाही.

टर्नरने कितीतरी वेळ त्याला हाका मारल्या. मग हाताच्या सवयीने खिशातलं व्हर्नियर काढून त्याच्या कपाळावरचा गोल खड्डा मोजला. चौदा मिलिमीटर रुंद, बरोबर ड्रमच्या काठीएवढा, नऊ मिलिमीटर खोल.