नात्याचा रकाना

वित्से ब्रुइन्समांनी सवयीने कार्ड काढलं आणि सवयीनेच ते फाटकावर बसणाऱ्या त्रूसबाईंच्या काचेखाली सरकवलं. मुलींच्या सुधारगृहाचं फाटक दोन वर्षं दर शुक्रवारी याच कार्डाने उघडत आलं होतं.

त्रूसबाईंनी ते परत ढकललं. "आजपासून हे नाही चालायचं. योरिंदेला अठरा पूर्ण झाली. कोर्टाने नेमलेले पालक म्हणून तुमचं काम संपलं."

"माहीत आहे."

"मग आलात कशाला?"

ब्रुइन्समांनी काखेतलं केकचं खोकं सावरलं. सहा वर्षं त्या पोरीच्या शाळेच्या, दातांच्या, चोरीच्या खटल्याच्या कागदांवर त्यांनी सह्या केल्या होत्या, आणि कायद्याने एका सकाळीत त्यांना परकं करून टाकलं. कायद्याला काय, तारीख कळते. मागे रांगेत इतर मुलींची माणसं ताटकळत होती.

"तिने भेटीच्या यादीत नाव घातलं असेल तर सोडता येईल," त्रूसबाई म्हणाल्या. "आता ते तिच्या हातात. तुम्हाला काही बोलली का?"

"मागच्या शुक्रवारी म्हणाली, सुटलात एकदाचे माझ्या कटकटीतून."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, हो ना."

ब्रुइन्समांना स्वतःचाच राग आला. उभा जन्म पोरांमध्ये काढलेल्या माणसाला एवढंही कळू नये.

त्रूसबाईंनी फायलीतून एक कागद काढला. वाचायला त्यांनी फारच वेळ लावला.

"एकच नाव आहे. तुमचं. नात्याच्या रकान्यात आई, वडील, वकील, सगळ्यावर काट मारलीय. खाली हाताने लिहिलंय, घरचे."



मग त्रूसबाई उठल्या, काचेमागून बाहेर आल्या आणि हात पुढे केला. "अभिनंदन, ब्रुइन्समा. लेक अठरा वर्षांची झाली." हॉलंडात वाढदिवसाला घरच्यांचंही अभिनंदन करतात. न करणं म्हणजे उद्धटपणा.

रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी ते ऐकलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि हात पुढे केला. त्यांच्यामागून एक दाढीवाला आला, मग त्याची बायको. केकचं खोकं काखेत पार चेपून ब्रुइन्समा एकेकाचा हात हातात घेत होते आणि प्रत्येकाला सांगत होते, "हो, आजच. आजच झाली."