एकोणीस नंबरचा जंतू

लस टोचलेल्या उंदरांची फुप्फुसं स्वच्छ निघाली तेव्हा आठ महिन्यांत पहिल्यांदाच मॅडमचे डोळे मास्कच्या वर हसले. मग त्यांनी लस न टोचलेल्या उंदरांचा ट्रे पुढे ओढला. तीही फुप्फुसं तशीच गुलाबी होती. एकावरही गाठ नव्हती.

त्यांनी चिठ्ठ्या पुन्हा तपासल्या. ट्रे बदललेले नव्हते. सगळ्या उंदरांना क्षयाचा एकच जंतू दिला होता, एकोणीस नंबरचा. बिनलशीचे उंदीर एव्हाना खंगायला हवे होते.

"काका, जंतू मेलेला तर नव्हता?"

जंतू वाढवणारे काका दाराशी उभे होते. ते म्हणाले, मेलेला कसा असेल, कालच नव्या नळीत घातलाय, चांगला वाढतोय.

तसा हा जंतू चिवट. शरीराचे जे पहारेकरी त्याला गिळायला येतात, त्यांच्याच घरात बिऱ्हाड थाटून वर्षानुवर्षं बसतो. बाहेर मात्र त्याला महिन्याच्या महिन्याला ताजं खाद्य द्यावं लागतं. काकांनी बारा वर्षांत एकही महिना चुकवला नव्हता. ते सुट्टीलाही यायचे. काकांनी दुसरा संसार मांडलाय, अशी बरोबरची माणसं थट्टा करायची. काका म्हणायचे, हो ना, आणि हा जेवणाला नावं ठेवत नाही.

नियम वेगळा होता. नळी सहा वेळा बदलली की तो जंतू वाफेच्या भट्टीत मारायचा आणि गोठवून ठेवलेल्या मूळ जंतूपासून पुन्हा सुरुवात करायची. कारण आयतं खाऊन खाऊन जंतू माणसाळतो, मारायचं विसरतो. दर वेळी तसं केल्याची वहीत नोंद होती. अक्षर काकांचं होतं.

मॅडमनी वही मिटली.

"गोठवलेल्या नळ्या किती उरल्यात?"

"वीसच्या वीस."

"तुम्ही एकही उघडली नाहीत?"

काकांनी मान हलवली.

"आठ महिने गेले, काका. का केलंत असं?"

तेव्हा काकांनी सांगितलं. एकोणीस नंबरचा नमुना त्यांच्या बायकोच्या थुंकीचा होता. नुसत्या नंबरावरून कुणाला कळायचं कारण नव्हतं. ती गेली आणि दीड महिन्याने नळीत तिचा जंतू उगवला. पहिल्यांदा भट्टीत टाकायची वेळ आली तेव्हा हात धजला नाही. ज्याने तिला खाल्लं त्यालाच आपण जेवू घालतोय, हे कळत होतं. पण तिच्यातून आलेलं जिवंत असं दुसरं काही मागे राहिलं नव्हतं.

मग काकांनीच विचारलं, "म्हणजे आता हा कुणाला मारत नाही?"

"उंदरालाही नाही."

"बारा वर्षं लागली त्याला," काका म्हणाले.

लशीचं काम पहिल्यापासून करायचं होतं. त्यासाठी मारणारा जंतू हवा होता. माणसाळलेल्या नळ्या काकांनी स्वतःच भट्टीत ठेवल्या, झाकण आवळलं, आणि वाफेचा काटा वर चढेपर्यंत तिथेच उभे राहिले. मग ते फ्रीझरकडे गेले. मॅडम त्यांच्या मागे होत्या. काकांनी विसांतली एक नळी काढून हातमोज्याच्या मुठीत धरली. वरचं हिम अंगठ्याने पुसलं. नमुना दिल्याची तारीख दिसली.

मॅडम म्हणाल्या, ही उघडायचं काम दुसऱ्या कुणाला देते.

काका तारखेकडेच बघत होते.

"त्या दिवशी डबी घेऊन ती स्वतः जिने चढून वर आली होती," ते म्हणाले. "मध्ये दोनदाच थांबली."